साम्राज्याचा हिशेब तपासणारे बाबासाहेब

आपल्या पोखर्णीच्या, परभणीच्या आजा-पणजांनी दोन प्रकारचे रुपये पाहिले होते. एक निजामाचा हाली सिक्का, दुसरा इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. रुपयाची किंमत ठरवणारे हैदराबाद आणि लंडनमध्ये बसत. भुर्दंड मात्र राबणाऱ्याला बसे. हा भुर्दंड कसा बसतो, याचा छडा विद्यार्थीदशेतच लावणारे अर्थतज्ज्ञ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. १८५८ साली कंपनीची सत्ता गेली, पण तिचे कर्ज भारतीय जनतेच्या माथी आले. १८५७ चे बंड मोडण्याचा खर्चही इथल्याच तिजोरीतून वसूल झाला. कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत भारताच्या महसुलातून मिळत राहिला. म्हणजे देश जिंकला गेला आणि जिंकण्याचे बिलही देशानेच भरले.

१९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यातला प्रश्न समजून घेऊ. रुपया चांदीचा होता. १८७३ नंतर चांदी स्वस्त होत गेली. सरकारला मात्र निवृत्तिवेतन, व्याज आणि इतर खर्चासाठी दरवर्षी लंडनला पौंड पाठवावे लागत. तेवढ्याच पौंडांसाठी आता जास्त रुपये लागू लागले. १८९३ साली लोकांना चांदी देऊन नाणी पाडून घेण्याची सोय बंद झाली, पण सरकारचा अधिकार कायम राहिला. पुढे आलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू केन्ससारखा अर्थतज्ज्ञ घेत होता. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. सरकार हवे तेवढे रुपये पाडू शकते, त्यामुळे महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते, हे त्यांनी दाखवले. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करा आणि रुपयांच्या संख्येला मर्यादा घाला, असा उपाय त्यांनी सुचवला. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देतानाही ते याच भूमिकेवर ठाम राहिले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथही त्याच वर्षी आला.

पण दोष एकट्या इंग्रजांना देऊन ते थांबले नाहीत. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी शेतीतले भांडवल अपुरे आहे आणि रिकामे हात जास्त आहेत, हे मांडले. त्यावर उद्योगवाढ हा उपाय सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या प्रकल्पांना त्यांनी गती दिली. १९४७ मध्ये देश स्वतंत्र होत असताना 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची मागणी केली. गोरा मालक जाऊन देशी मालक आला, तर भूमिहीनाच्या पदरात काय पडणार, हा त्यांचा रोख होता.

१९४८ साली निजामाची राजवट संपली. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या गावोगावच्या पोरांना त्यामुळे उच्च शिक्षणाचे दार उघडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

तरुण मित्रांनो, जयंतीला आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचा जयघोष करतो. तो करूच. पण अर्थसंकल्प येतो, अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवला जातो, महागाई वाढते आणि रोजंदारी तिथेच राहते, तेव्हा आपल्यापैकी किती जण आकडे उघडून बसतात? पैसा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, हे विचारायला बाबासाहेबांनी शिकवले. यंदा प्रत्येक विहारात त्यांचा एक तरी अर्थविषयक ग्रंथ वाचायला घेऊ या.

जय भीम!