लोकमान्य टिळक : व्यापाऱ्यांची वर्गणी आणि तरुणांचे मेळे

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना उत्सवकाळात दोन दृश्ये हमखास दिसतात. एकीकडे व्यापारी बंधू वर्गणीची पावती फाडून घेत असतात, तर दुसरीकडे तरुण मंडळी मांडव, मिरवणूक आणि दर्शनाची रांग सांभाळत असतात. धन आणि श्रम यांचा हा संगम महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडण्यात ज्या थोर पुरुषाचा सिंहाचा वाटा आहे, त्या लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे चरित्र भाविकांसाठी येथे संक्षेपाने देत आहोत.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बालपणीच मातृछत्र हरपले आणि सोळाव्या वर्षी वडीलही निवर्तले. तरीही गणित व कायदा या विषयांचे उच्च शिक्षण पूर्ण करून, सरकारी नोकरीच्या मागे न लागता त्यांनी लोकशिक्षणाचा मार्ग पत्करला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आदी सहकाऱ्यांसह १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. तरुण पिढी घडविणे हाच या साऱ्या उद्योगामागील हेतू होता.

गणेशपूजन त्या काळी मुख्यत्वे घरोघरी व सरदारांच्या वाड्यांत होत असे. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुण्यात भाऊसाहेब रंगारी, नानासाहेब खासगीवाले, मिठाईचे व्यापारी दगडूशेठ हलवाई अशा मंडळींनी त्यास सार्वजनिक रूप दिले. यात एक व्यापारी अग्रभागी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळकांनी १८९३ मध्ये ‘केसरी’तून या उपक्रमाचे स्वागत केले आणि १८९४ मध्ये आपल्या राहत्या विंचूरकर वाड्यात श्रींची स्थापना केली. उत्सवाचा आरंभ कोणी केला याविषयी मतभेद असले, तरी तो गावोगावी पोहोचविण्याचे श्रेय निर्विवादपणे टिळकांकडे जाते.

उत्सवाचे खरे चैतन्य मेळ्यांत होते. विद्यार्थी व तरुण गट करून काही आठवडे आधीपासून तालीम करीत, एकसारखा पोशाख घालीत आणि श्रींपुढे व मिरवणुकीत पदे म्हणत. मांडव, दिवाबत्ती, वाद्ये यांचा खर्च विद्यार्थ्यांना कोठून झेपणार? तो पेठांतील दुकानदार व सधन गृहस्थांच्या वर्गणीतून भागत असे. दुकानदाराने द्रव्य द्यावे, तरुणाने कष्ट करावेत आणि उत्सव मात्र साऱ्या पेठेचा व्हावा, अशी ही रीत पडली.

या शक्तीबरोबर जबाबदारीही येते, हेही इतिहास सांगतो. १८९३ साली मुंबईत झालेल्या हिंदु-मुसलमान दंगलीची छाया त्या काळावर होती. प्रारंभीच्या काही मेळ्यांच्या पदांत कटुता उतरली होती. पुढे स्वदेशी व स्वराज्य हे विषय मेळ्यांत प्रमुख झाले, तेव्हा सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले. तरुणांच्या मुखी कोणते शब्द जातात, याची काळजी देणगीदार व कार्यकर्ते या दोघांनीही वाहावयाची असते.

उत्सवातून जोडलेली माणसे संकटात उपयोगी पडावीत, हा टिळकांचा आग्रह होता. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यासाठी खटपट केली. १८९७ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा अनेक प्रतिष्ठित लोक शहर सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले व रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडासही त्यांचा भक्कम पाठिंबा लाभला. प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला आणि तेथे तरुणांना काचकामाचे शिक्षण मिळू लागले. अल्प देणगीतूनही तरुणांच्या हाताला काम देता येते, याचा हा वस्तुपाठ होय.

१९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले आणि अनेक व्यापाऱ्यांनी दुकाने उघडली नाहीत. मंडालेच्या कारागृहात त्यांनी ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लिहिला, तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबई येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या टिळक स्वराज्य फंडात १९२१ मध्ये एक कोटी रुपये जमले. त्यात धनिकांच्या मोठ्या रकमा होत्या आणि गरिबांचे पैसेही होते.

देवाच्या नावे दिलेले द्रव्य एका रात्रीच्या रोषणाईत न संपता तरुणांच्या अंगी शिस्त, सेवावृत्ती आणि स्वावलंबन होऊन उरावे, हाच या चरित्राचा बोध होय. वर्गणी देणाऱ्या व्यापारी बंधूंस आणि सेवेस उभ्या राहणाऱ्या तरुणांस ही बुद्धी श्रीगजाननाने सदैव द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.