चष्मेवाल्या कवीचा छंद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे मुंबईकडचे टोक कळंबोलीला आहे. त्याला लागूनच रोडपाली हे गाव. गाव म्हणायचे ते आता जुन्या सवयीने. सिडकोच्या नियोजनात भोवतालची भातशेती गेली, इमारती उभ्या राहिल्या आणि मूळच्या आगरी वस्तीभोवती घाटावरचे, खानदेशातले, विदर्भातले, तळकोकणातले आणि महाराष्ट्राबाहेरचेही लोक येऊन राहिले. अशा वसाहतींत दिवाळीपूर्वीच्या साफसफाईला एक दृश्य हटकून दिसते. माळ्यावरचा पितळी डबा, आजीचा अडकित्ता, काच फुटलेला कंदील, कान तुटलेली कढई हे सारे एका पोत्यात भरले जाते आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. वजन होते, पैसे हातावर पडतात, माळा मोकळा होतो. यात कुणाला दोष देण्यासारखे काही नाही. दोन खोल्यांच्या घरात पाटा-वरवंटा ठेवायचा तरी कुठे?

हेच दृश्य शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या पेठांतही दिसत होते. तेव्हा हातगाडीवर निघालेल्या अशा वस्तू उचलून घरी आणणारा एक माणूस तिथे होता. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचे नाव. द्रुतगती मार्गाने पुण्यात उतरून शुक्रवार पेठेत शिरले, की बाजीराव रस्त्यालगत त्यांनी उभे केलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. शाळेच्या सहलीत ते बहुतेकांनी पाहिलेले असते. ते उभे करणाऱ्या माणसाची ओळख मात्र प्रवेशदाराशीच मागे राहते.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. लोकांची नजर तपासावी, भिंगे घासून चौकटीत बसवावीत, हिशेब लिहावा, असा तो दिवसभराचा बैठा उद्योग. पोटासाठी तो त्यांनी केला. मन मात्र कवितेत होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि विशीच्या दशकात त्या नावाला मराठी वाचकांत चांगली ओळख होती. पुण्यात तो रविकिरण मंडळाचा काळ होता, कवितावाचनाला गर्दी जमत असे. या वातावरणात रमलेला चष्मेवाला कवी जुनी भांडी कधी गोळा करू लागला? साधारण १९२० च्या सुमारास, एवढेच सांगता येते. छंदांना मुहूर्त नसतो. मराठीत तर छंद हा शब्द कवितेच्या रचनेलाही आहे आणि मनाच्या ओढीलाही. केळकरांच्या बाबतीत या दोन अर्थांमधली भिंत बहुधा फार पातळ असावी.

त्या काळच्या पुण्याला संग्रहाची गोष्ट नवी नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले होते. वाड्यावाड्यांतली मोडी दप्तरे, सनदा, नाणी वाचवण्याची धडपड चालू होती. मुंबईत १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, लोकांसाठी खुले झाले. या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु जपण्याजोगे काय, याविषयीचा त्यांचा निकष ठरलेला होता. राजा, लढाई, तह, मंदिर, मूर्ती. सुपारी कातरण्याचे साधन, नारळ खवण्याची खवणी, टाचा घासण्याची वज्री यांना इतिहास असतो, हे मानायला फारसे कुणी तयार नव्हते. त्या वस्तू हाताळणारी माणसे, त्यातही स्त्रिया, दप्तरांत सहसा सापडत नाहीत. केळकरांनी नेमक्या त्याच वस्तू वेचल्या.

काळही आणीबाणीचा होता. घराघरांत ॲल्युमिनियमची, म्हणजे बोलीतली जर्मनची, भांडी येत होती आणि तांब्या-पितळेची जुनी भांडी मोड म्हणून वजनावर विकली जात होती. मोडीत निघणे हा आपला वाक्प्रचार याच व्यवहारातून आला आहे. मोडीत गेलेले भांडे भट्टीत वितळते. त्यावरची नक्षी, ठोक्याची पद्धत, झिजलेली कड, सगळे एका लगद्यात मिसळून जाते. रॉकेलच्या दिव्यांपाठोपाठ वीज आली आणि समया देवघरापुरत्या उरल्या. कारखान्यात एकसारखी बनलेली कुलपे आली, तेव्हा गावच्या लोहाराने घडवलेली कुलपे अडगळीत गेली. एकेका वस्तूबरोबर ती घडवण्याची एकेक रीत नाहीशी होत होती, आणि तिची कुठे नोंदही होत नव्हती.

केळकर हिंडू लागले. आधी पुणे आणि आसपासचा मुलूख, मग महाराष्ट्र, मग गुजरात, राजस्थान, कर्नाटक, पार दक्षिणेपर्यंत. हे सारे संस्थानिकाच्या ऐश्वर्यातून झाले नाही, दुकानाच्या मिळकतीतून झाले, हे लक्षात ठेवले पाहिजे. पत्नी कमलाबाई यांची साथ नसती तर हा संसार आणि हा संग्रह एका छपराखाली नांदले नसते. संग्राहकांच्या चरित्रांत पत्नीच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते. ज्या घरात राहायच्या खोल्या दिवे, दरवाजे आणि तंतुवाद्ये व्यापत जातात, त्या घरातल्या बाईने काय सोसले असेल, याची कल्पना गृहिणींना अधिक चांगली येईल.

मग घरावर आघात झाला. केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. अशा दुःखानंतर अनेकांचे छंद गळून पडतात. केळकरांचा संग्रह मात्र पुढे मुलाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. परगावच्या प्रेक्षकाला ‘राजा केळकर संग्रहालय’ हे नाव ऐकून कुणा राजेसाहेबांचा खजिना डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ते एका मुलाचे नाव आहे. या एका गोष्टीने संग्रहालयाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दालनांतून हिंडताना मग असे वाटते, की जे लवकर जाते, ज्याची दखल घ्यायला जगाला सवड होत नाही, ते जपून ठेवण्याची ही एक दीर्घ खटपट होती.

संग्रहात काय आहे हे सांगू लागलो तर यादी होईल. त्यापेक्षा एकाच वस्तूपाशी थांबावे. अडकित्ता. दोन पाती, एक खीळ. काम फक्त सुपारी कातरण्याचे. काम एवढेच असल्याने आकारही एकच पुरला असता. पण कुठे पात्याचा पोपट झाला आहे, कुठे मोर. कुठे दोन मुठी म्हणजे एकमेकांकडे पाहणारे स्त्री-पुरुष आहेत. लोखंडाचे आहेत, पितळेचे आहेत. तीच गोष्ट कुलपांची. विंचवाच्या आकाराचे कुलूप पाहून मुले थबकतात. टाच घासायच्या वज्रीला वर नक्षी कशासाठी? ती तर न्हाणीघरात वापरायची वस्तू, पाहुण्यांच्या नजरेलाही न पडणारी. तरीही कुणा कारागिराने तिच्यावर हत्ती किंवा पक्षी बसवला. त्याचे दाम वाढून मिळाले असेल किंवा नसेलही. हाताला रोजचे काम करतानाही खेळावेसे वाटते, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. आणि प्रत्येक मुलखाचा हात वेगळा खेळतो. गुजरातचे कोरीव दरवाजे, पैठणची चित्रे, कर्नाटक-आंध्रातल्या चामडी बाहुल्या एकमेकांच्या शेजारी ठेवल्या, की कुणाचे श्रेष्ठ आणि कुणाचे कनिष्ठ हा प्रश्नच गैरलागू होतो. केळकरांनी एका नमुन्यावर समाधान मानले नाही. एकच दिवा पन्नास ठिकाणी पन्नास तऱ्हांनी घडतो, हेच त्यांना दाखवायचे असावे.

जगात असा विचार करणारे ते एकटे नव्हते. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले आणि शेतकऱ्यांची घरेच्या घरे तिथे आणून उभी केली. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचे सौंदर्य ओळखले आणि १९३६ मध्ये टोकियोला त्यांचे संग्रहालय उभारले. यंत्राचा रेटा जिथे जिथे पोहोचला, तिथे तिथे असा कुणीतरी वेडा निघाला. आपल्याकडचा वेडा चष्म्याच्या दुकानात बसत होता.

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या १५ हजारांच्या घरात गेली होती. १९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झाले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभारण्यात आला. प्रेक्षकांची सर्वाधिक गर्दी आजही त्याच्यापुढे होते. हे स्वाभाविक असले, तरी थोडे खंतावणारे आहे. पेशव्याच्या प्रेयसीच्या दालनासाठी रांग लागते आणि शेवया करण्याच्या पाटापुढून माणसे न थांबता पुढे जातात. केळकर ज्या समजुतीविरुद्ध आयुष्यभर काम करीत राहिले, ती त्यांच्याच घरात पाय रोवून आहे.

संग्रहाच्या मर्यादाही आहेत. पितळ टिकते, बांबू कुजतो. त्यामुळे बऱ्या स्थितीतल्या घरांचा संसार इथे जास्त दिसतो; भूमिहीनाच्या झोपडीतली मातीची परळे आणि बुरडाच्या टोपल्या काळाने आधीच नेल्या होत्या. ज्यांनी या वस्तू घडवल्या त्या तांबटांची, ओताऱ्यांची, लोहारांची, सुतारांची नावेही आपल्याला मिळत नाहीत. समाजाच्या उतरंडीत ज्यांना वरची पायरी कधी मिळाली नाही, त्यांचे काम काचेआड सन्मानाने बसले, पण ते अनामिक राहिले. संग्राहकानेही कवी म्हणून अज्ञातवासच पसंत केला होता, हा योगायोग खरा. मात्र त्यांचा अज्ञातवास स्वेच्छेचा होता, या कारागिरांचा नव्हता.

१९७५ मध्ये केळकरांनी आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. अर्धशतक ज्या वस्तूंमागे फिरले, त्या बाजारात नेल्या असत्या तर केवढी रक्कम उभी राहिली असती, हे त्यांना माहीत नसेल असे नाही. जुन्या वस्तूंना तोवर देशोदेशी गिऱ्हाईक मिळू लागले होते. केळकरांनी तो हिशेब मांडला नाही. पद्मश्री मिळाली, पुणे विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९९० मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांचे निधन झाले. संग्रहातील वस्तू आज २० हजारांहून अधिक आहेत आणि जागेअभावी त्यांतल्या जेमतेम अडीच हजार एका वेळी मांडता येतात. बाकीच्या बांधून ठेवलेल्या आहेत. म्हणजे माळ्यावरचे सामान एका अर्थाने पुन्हा माळ्यावरच आहे. फरक इतकाच की ते आता मोडीत निघणार नाही.

स्वयंपाकघरातील वस्तूंच्या कपाटापाशी मात्र कधीकधी चांगला गलका ऐकू येतो. काचेआडच्या विळीला पुण्याची बाई विळी म्हणते. रायगडच्या आगरी घरातून आलेली म्हातारी तिला मोरली म्हणून ओळखते. गोव्याचे कुटुंब आदोळी म्हणते आणि बेळगावपलीकडून आलेले कुणी ईळिगे. रोडपालीच्या एखाद्या इमारतीत, एकाच मजल्यावर, ही चारही नावे आज शेजारी-शेजारी नांदत असतील. चाकू आल्यापासून ती पेटीत पडून आहेत. येत्या दिवाळीला माळा उतरवताना ती बाहेर येतील.