विटाळाला प्रश्न विचारणारे हवालदार

‘विटाळ’ हा शब्द आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. महिन्याचे चार दिवस शिवायचं नाही, देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. घराघरांतल्या मुली हे ऐकतच मोठ्या होतात. पण मैत्रिणींनो, आपल्याच देशात काही माणसांना हा विटाळ चार दिवसांचा नव्हता, जन्मभराचा होता. त्याला पहिल्यांदा लेखी जाब विचारणाऱ्यांत आपल्या महाड तालुक्यातला एक निवृत्त शिपाईगडी होता. गोपाळबाबा वलंगकर त्यांचं नाव.

महाडजवळचं रावढळ हे त्यांचं गाव. सुमारे १८४० मध्ये महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एकेकाळी हा कुलाबा जिल्हा होता आणि पोलादपूरचा भागही महाड तालुक्यातच मोडायचा. गावात शाळेची पायरी चढायची सोय नव्हती. कोकणातल्या कितीतरी महार तरुणांसारखे गोपाळबाबाही पलटणीत गेले. पलटणीचा एक मोठा फायदा होता. तिथे शिपायांना लिहायला-वाचायला शिकवत, त्यांच्या मुलांना शाळा असे आणि मुलींनाही शिकवलं जाई. गावात जे दार बंद, ते छावणीत उघडं होतं!

१८८६ मध्ये गोपाळबाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. तिथे पेन्शनरांची मोठी वस्ती होती. पेन्शन घेऊन ओट्यावर निवांत बसता आलं असतं, पण त्यांनी लेखणी हातात घेतली. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. त्यात धर्माच्या जाणकारांना तब्बल २६ प्रश्न होते. विटाळ आला कुठून, त्याला आधार काय, हे त्यांनी सरळ विचारलं. शिवीगाळ नाही की रडगाणं नाही. नुसते प्रश्न! त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी नावाची संस्थाही उभी केली.

मग आणखी एक घाव बसला. १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारने महारांची पलटणीतली भरतीच बंद केली. वरवर पाहिलं तर नोकऱ्या गेल्या, एवढंच. पण छावणीतली शाळाही त्याबरोबर गेली. पुढच्या पिढीतल्या पोरींच्या हातातली पाटी गेली. गोपाळबाबांनी पूर्वजांच्या पराक्रमाचे दाखले देत सरकारकडे मागण्यासाठी अर्ज तयार केला. भरती काही सुरू झाली नाही.

१८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमलं. ज्या माणसाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हतं, तो आता तालुक्याच्या कारभारात बसणार होता. वरच्या जातींच्या सभासदांत खळबळ उडाली, वर्तमानपत्रांतून वाद रंगला. खुर्ची मिळाली तरी मान मिळतोच असं नाही. नवीन सुनेला आणि ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

१९०० मध्ये गोपाळबाबा गेले. महाडचं पाणी तेव्हाही बंदच होतं. पण त्यांनी विचारलेले प्रश्न विरले नाहीत. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या परिषदेला गावोगावचे पेन्शनर शिपाई आले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी बायकांशी खास संवाद साधला. मुलींना शिकवा, नीटनेटक्या राहा, कमीपणाच्या खुणा अंगावर बाळगू नका, असं त्यांनी सांगितलं. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला.

दर २० मार्चला चवदार तळ्यावर गर्दी होते. तिथे गेलात तर तीर्थ म्हणून पाणी डोळ्यांना लावताना रावढळच्या हवालदारांचीही आठवण काढा. आणि घरी लेकीने विटाळाचं कारण विचारलं, तर तिला गप्प करू नका. तिचा प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्याच तालुक्यातला आहे.