सहकारमहर्षी कै. विठ्ठलराव विखे पाटील

समाजातील कर्त्या पुरुषांचे पुण्यस्मरण करणे हे स्मरणिकेचे एक कर्तव्यच होय. मराठा समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा गड, लढाया आणि सरदार घराणी यांच्याकडे वळतो. परंतु समाजातील बहुसंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरून जगली, आणि त्यांचा खरा लढा तलवारीचा नसून कर्जाचा होता. तो लढा ज्यांनी धीराने व शहाणपणाने लढविला, अशा एका शेतकऱ्याचे चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. ते म्हणजे लोणीचे कै. विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

विठ्ठलरावांचा जन्म 12 ऑगस्ट 1897 रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, त्या वेळच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे झाला. काळ मोठा कठीण होता. दख्खनवर दुष्काळाची छाया होती, प्लेगने गावे ओस पडत होती, आणि पुढे दोनच वर्षांनी छप्पन्नचा भयंकर दुष्काळ यावयाचा होता. अशा दिवसांत शेतकऱ्याच्या मुलाला शाळेचा लाभ तो किती मिळणार? विठ्ठलरावांचे शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतेच झाले. पुढचे सारे ज्ञान त्यांनी शेतात, बाजारात आणि माणसांत वावरून मिळविले.

त्या काळच्या शेतकऱ्याची स्थिती नव्या पिढीस सांगितली पाहिजे. बी-बियाणे, बैल, लग्नकार्य, सरकारी सारा, या सर्वांसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी संतापून सावकारांच्या वह्या व खते जाळली, त्याचे कारण हेच. त्यानंतर 1879 साली कायदा झाला. पण कायद्याने पत निर्माण होत नाही. सावकार नको म्हटले, तर पेरणीला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर विठ्ठलरावांनी आपल्या गावापुरते शोधले. 1923 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी उभी केली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 साली झाला होता. परंतु कायदा कागदावर असणे निराळे आणि गावातील माणसांनी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले पैसे एकत्र करणे निराळे. पतपेढीत एकाने कर्ज बुडविले तर त्याची झळ सर्वांना लागते. म्हणून तेथे हिशेबाइतकेच माणसाच्या नीतीलाही मोल असते. विठ्ठलरावांचे पुढील सर्व कार्य याच पायावर उभे राहिले, असे आम्हांस वाटते.

याच सुमारास प्रवरेच्या खोऱ्याचे रूप बदलत होते. भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले आणि कालव्यांचे पाणी कोरडवाहू रानांत खेळू लागले. ज्वारी-बाजरीच्या शेतांत ऊस उभा राहिला. पण पाण्याबरोबर संपत्ती आली असे मात्र झाले नाही. ऊस हे खर्चाचे पीक. बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी, सारेच महाग. गुऱ्हाळ लावून गूळ करावा, तर तो अडत्याच्या हाती जाई आणि भाव पडला म्हणजे वर्षाचे कष्ट कढईतच आटून जात. तिसाच्या दशकातील मंदीत कित्येक बागाईतदार कर्जाखाली दबले. दुसरीकडे 1932 साली सरकारने साखरधंद्याला संरक्षण दिल्यानंतर खाजगी कारखाने भरभराटीस आले. ऊस पिकतो आमच्या काळ्या आईत, आणि साखरेचा नफा जातो दूरच्या भागीदारांस, ही विसंगती विठ्ठलरावांच्या डोळ्यांत सलू लागली.

डिसेंबर 1945 मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी आपल्या मालावर स्वतः प्रक्रिया करावी, सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे मांडला गेला. विठ्ठलरावांनी तो मनावर घेतला आणि लगेच कामाला लागले.

पुढील पाच वर्षांचा काळ हा त्यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीचा होय. कारखाना म्हणजे लाखो रुपयांचे काम. ज्याच्या घरी पुढच्या हंगामाची तरतूद नाही, त्याच्याकडे जाऊन भाग घेण्यास सांगावयाचे, आणि तेही अशा कारखान्यासाठी की ज्याची एक वीटही रचलेली नाही! विठ्ठलराव गावोगाव हिंडले. लोक शंका काढीत, कोणी हसतही असत. कारण शेतकऱ्यांनी साखर कारखाना चालविल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. पतपेढीच्या व्यवहारात ज्यांनी विठ्ठलरावांस पारखले होते, त्यांनी प्रथम पैसे दिले, आणि त्यांच्याकडे पाहून इतरांनी दिले. भागभांडवल असे थेंबाथेंबाने जमले.

धनंजयरावांनी योजनेला अर्थशास्त्राचा आधार दिला. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी पातळीवर पाठबळ दिले. औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. अखेर 1950 साल सरता सरता कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा हा आरंभ होय. माळरानावर वसलेली ती वसाहत प्रवरानगर म्हणून ओळखली जाऊ लागली.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कारखान्यासाठी सर्वांत अधिक झिजलेले विठ्ठलराव पहिल्या दिवशीच अध्यक्ष होऊ शकले असते. त्यांनी ते पद धनंजयरावांस दिले आणि पहिली सुमारे दहा वर्षे स्वतः उपाध्यक्ष राहून कारभार शिकून घेतला. धनंजयराव आपल्या ज्ञातीचे नव्हते, की त्या भागातील बागाईतदारही नव्हते. वैकुंठभाईंचेही तसेच. विठ्ठलरावांनी माणसाची योग्यता पाहिली, जात पाहिली नाही. सभासदत्वही ऊस व भाग यांवर ठरले, कुळीवर नव्हे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. उलट, आपल्या संस्थांनी यातून काही घ्यावे असे वाटते.

कारखान्याचा पैसा गाळपातच न गुंतविता शिक्षणाकडे वळविण्याची दृष्टी त्यांनी ठेविली. 1964 साली प्रवरानगरला पब्लिक स्कूल सुरू झाले, आणि शहरातील श्रीमंतांस मिळणारे शिक्षण शेतकऱ्याच्या मुलास गावाजवळ मिळू लागले. पुढे लोणीत रुग्णालयही उभे राहिले. 1961 साली पंतप्रधान पंडित नेहरूंनी प्रवरानगरला भेट दिली. त्याच वर्षी विठ्ठलरावांस पद्मश्री हा बहुमान मिळाला. प्रवरेचा कित्ता इतरत्र गिरविला गेला. सांगलीस वसंतदादा पाटील, वारणेस तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीस रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी असेच कारखाने उभारले.

27 एप्रिल 1980 रोजी विठ्ठलराव निवर्तले. आज त्यांचा जन्मदिवस नारळी पौर्णिमेस शेतकरी दिन म्हणून साजरा होतो आणि कारखान्यास त्यांचेच नाव आहे.

गौरवाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. साखरेच्या वैभवाने सर्वांचे दैन्य फिटले नाही. ऊस तोडण्यास दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून येणारी कुटुंबे कोप्यांतच राहिली. कोरडवाहू शेतकऱ्यास भागधारक होता आले नाही. आणि पुढे कित्येक ठिकाणी सहकार हा सत्तेची पायरी बनून कर्जात बुडाला. हा दोष सहकाराच्या तत्त्वाचा नव्हे. जेथे सभासदाने हिशेब विचारणे सोडले, तेथे तो शिरला.

म्हणून समाजबांधवांस आमची विनंती अशी की, विठ्ठलरावांच्या प्रतिमेस हार घालून थांबू नये. आपल्या गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेस जावे, ताळेबंद वाचावा, न समजले तर विचारावे. आपल्या मुलाबरोबर गावातील भूमिहीनाचे मूलही शाळेत टिकेल, हे पाहावे. चार बुके शिकलेल्या एका शेतकऱ्याने शेकडो घरांचा विश्वास कमावला आणि तो जपला. त्यांचे पुण्यस्मरण खऱ्या अर्थाने करावयाचे, तर तोच विश्वास आपण आपल्या संस्थांत पुन्हा उभा केला पाहिजे.