बाबासाहेब आणि अशोकचक्रांकित राष्ट्रध्वज

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मुभा नव्हती. पुढे त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे उच्च पदव्या संपादन केल्या आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला.

जून १९४७ मध्ये घटना समितीने राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे एक सदस्य बाबासाहेब होते. ज्या बालकाला वर्गात सर्वांसोबत जागा नव्हती, तोच देशाचा ध्वज ठरविणाऱ्यांत बसला. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आपल्या नागपुरात मिरविलेल्या ध्वजावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी स्वीकृत झालेल्या ध्वजावर त्याच्या जागी सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावरील, चोवीस आऱ्यांचे चक्र आले. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी याच नगरीत लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

म्हणून ध्वजवंदन हा आम्हांस केवळ उपचार वाटत नाही. केशरी पट्टा वर असावा. ध्वज फाटका वा मळका नसावा. त्याचा भूमीस स्पर्श होऊ नये. तो चढविताना त्वरेने चढवावा, उतरविताना सावकाश आणि आदराने उतरवावा. त्याच्याहून उंच वा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज नसावा. आपल्या पंचशील ध्वजाचा स्तंभही वेगळ्या जागी आणि कमी उंचीचा असावा. कार्यक्रम आटोपल्यावर कागदी ध्वज मैदानात पडू देऊ नयेत. जीर्ण ध्वज एकांतात, सन्मानपूर्वक, शक्यतो अग्नीच्या स्वाधीन करावा.

१९७१ च्या कायद्याने राष्ट्रध्वज आणि संविधान या दोहोंचा अवमान एकाच कलमाखाली गुन्हा ठरविला आहे. ही जोड आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ध्वजाखाली आपली मुले एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. तेथून परतल्यावर भोजनगृहात आणि वर्गातही ती रांग अभंग राहिली, तरच चक्राचा मान राखला असे आम्ही समजू. बाबासाहेबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! जय भारत!