रंगीत काचांचा कारागीर विल्यम वेल्स

मुंबईस कुलाब्याकडे गेलेल्या आपल्या पुष्कळ बंधूंनी तेथील अफगाण चर्च पाहिले असेल. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ ते बांधिले असून इ. स. १८५८ साली त्याचे समर्पण झाले. त्याच्या खिडक्यांची रंगीत काचचित्रे विल्यम वेल्स याने पुरविली. त्याचे चरित्र आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी ऐकण्याजोगे आहे.

वेल्स याचा जन्म इ. स. १८०८ साली झाला. इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी तो किराणा व चहा यांचे दुकान चालवीत असे. परंतु त्याचा ओढा कलेकडे होता. म्हणून त्याने घराच्या परसात लहानशी भट्टी घातली, आणि मिनेकामाच्या शोभेच्या वस्तू करून दुकानातच विकावयास ठेविल्या. पुढे जर्मनीत जाऊन तो काचचित्रांची विद्या शिकला, व १८३८ साली त्याने स्वतःचा कारखाना काढिला.

हे काम असे करितात. प्रथम खिडकीएवढ्या कागदावर चित्र काढून त्याबरहुकूम रंगीत काचेचे तुकडे कापितात. चेहरे व वस्त्रांच्या चुण्या काळसर रंगाने रेखून ते तुकडे भट्टीत भाजितात, तेणेकरून रंग कायमचा बसतो. मग दोन्ही अंगांस खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून, जेथे पट्टीस पट्टी मिळते तेथे शिसे व कथील यांचा डाख तापल्या लोखंडाने लावितात. लोखंड फार तापले तर पट्टीच वितळते. कमी तापले तर सांधा धरीत नाही. शेवटी जवसाच्या तेलात कालविलेली खडूची लुकण खाचांत भरितात, म्हणजे पाऊस आत येत नाही.

वेल्स याची कीर्ती वाढली. प्रसिद्ध शिल्पी प्यूजिन याने १८४२ पासून सुमारे तीन वर्षे त्याजकडून काम करून घेतले. १८६० साली वेल्स याने गेट्सहेड येथे सॉल्टवेल नावाची इस्टेट घेऊन मोठा वाडा बांधिला. परंतु पुढे पैशाची अडचण आली, आणि १८७६ साली ती इस्टेट तेथील नगरपालिकेस विकावी लागली. तिची सार्वजनिक बाग झाली. ज्या वाड्याचा तो धनी होता, त्यातच भाडेकरू होऊन तो राहिला, व १८८१ साली निवर्तला. ऐश्वर्य गेले, पण त्याच्या कारखान्यात घातलेले सांधे टिकले.

प्रिय वाचकहो, मंदिरात बसणारा रंग पाहतो, डाखाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तरी तो सुटला तर चित्र ढासळते. आपल्या नगर जिल्ह्यातील उपदेशकांचे काम असेच आहे. मंडळीतील दोन घरांत बांधावरून अथवा पाण्यावरून अबोला पडतो, तेव्हा त्यांना सांधणे त्यांजकडे येते. बोल फार तापले तर जोडावयाचे तेच वितळते. ऊब नसली तर सांधा लागत नाही. पुढील प्रभुभोजनापूर्वी आपल्या मंडळीत असा एखादा सुटलेला सांधा आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे.