लंडनच्या डॉ. लूसी विल्स आणि परळच्या लेकुरवाळ्या

घरात कोणी मांसमासळी सोडली की वडीलधाऱ्यांना पहिली काळजी लागते ती रक्ताची. मुलगी फिकी दिसू लागली, जिना चढताना तिला धाप लागली, की शेजारणींचा सल्ला ठरलेला असतो : कलेजी खा. आपल्या बेटावर गणेशोत्सवाआधीच्या उपवासात कित्येक घरांतून मांसाहार बंद असतो आणि काही तरुण मुली आता बारा महिने शाकाहारी राहू लागल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. त्याचे उत्तर देताना एका इंग्रज बाईंची हकीकत सांगावी असे आम्हांस वाटले, कारण रक्तक्षयाचे एक मोठे कोडे त्यांनी सोडविले ते मुंबईच्या परळ भागात, गिरणगावाच्या ऐन वस्तीत. रत्नागिरीकडची जी खेडी आपल्या पूर्वजांनी ऊसमळ्यांसाठी सोडली, त्याच मुलखातून हजारो माणसे या गिरण्यांत कामाला गेली होती.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घर सुखवस्तू होते. कुटुंबाचा विळे वगैरे धारेची अवजारे बनविण्याचा धंदा होता, आणि घरात विज्ञानाची आवड होती. चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध मुलींच्या शाळेतून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून १९११ मध्ये परीक्षा दिली. परीक्षा दिली असे म्हणावयाचे, पदवी मिळाली असे नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास १९४८ साली सुरुवात केली.

त्याच वर्षी वडील वारले आणि दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली. लूसीबाई आईला घेऊन सिलोनला जाऊन आल्या, नंतर धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तेथे असतानाच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि केपटाऊनमध्ये त्यांनी स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम केले. परत आल्यावर १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलशी जोडलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी नाव घातले. डॉक्टर झाल्या तेव्हा वय बत्तीस होते. दवाखाना न थाटता त्या रॉयल फ्रीच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या. बाळंतपणात इतक्या स्त्रिया का दगावतात याची चौकशी त्या वेळी चालली होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावून घेतले होते. कामाची जागा परळची हाफकिन संस्था. पोटुशा बायकांना एक घातक रक्तक्षय होत असे. चेहरा पांढराफटक, अंगात त्राण नाही, आणि पुष्कळ वेळा शेवट आई आणि मूल दोघांच्या मृत्यूत. आधीच्या मंडळींनी जंतू शोधून पाहिले होते, विल्सबाई थेट चुलीपाशी गेल्या. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईच्या स्त्रियांचे खाणेपिणे व राहणी यांची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या घरात काय शिजते, दूध किती येते, भाजी आणि फळे ताटात पडतात की नाही, हे त्या पाहत होत्या. ज्या घरांत दारिद्र्य अधिक, भाजीपाला व फळे जवळजवळ नाहीत, तेथेच हा रोग अधिक आढळला. सर्वांत जास्त भोगत होत्या गरीब मुसलमान स्त्रिया, म्हणजे मांस ज्यांना धर्माने वर्ज्य नाही अशा बायका. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

पुढे त्यांनी पांढऱ्या उंदरांना तेच अन्न घातले. उंदीर रक्तहीन झाले, गाभण माद्या पिले होण्याआधीच मेल्या, आणि अन्नात यीस्ट घातले तेव्हा हे टळले. मात्र या उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि त्यांमुळे निष्कर्ष बिघडला असण्याची शंका नंतर उभी राहिली. बाईंनी ती झाकून न ठेवता माकडांवर प्रयोग पुन्हा केले.

त्या काळी कलेजी हे रक्तक्षयाचे नवे औषध होते. अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये ते सिद्ध केले होते, पुढे त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण शाकाहारी घरच्या गर्भारशीला कलेजी चारणार कशी, आणि गिरणीच्या मजुरीत ती परवडणार कोणाला? विल्सबाईंनी परळच्या रोग्यांना यीस्टचा अर्क दिला. त्यात सर्वांत स्वस्त पडला तो मार्माइट. हा काळा, खारट, चिकट लेप इंग्लंडमध्ये बर्टन येथे बिअरच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून १९०२ पासून तयार होत आला आहे. फ्रेंच व क्रेओल जाणणाऱ्या आमच्या वाचकांना नावाची गंमत सांगावयास नकोच : मार्मित म्हणजे भांडे, आणि बरणीवर चित्रही भांड्याचेच आहे. या लेपाने मरणाच्या दारातल्या बायका उठून बसू लागल्या. १९३१ साली त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

त्यांची आणखी एक बारीक नजर सांगितली पाहिजे. कलेजीचा अशुद्ध अर्क या स्त्रियांना लागू पडे, पण शुद्ध केलेला पडत नसे. म्हणजे नेहमीच्या घातक रक्तक्षयात जे द्रव्य कमी असते त्याहून हे काही निराळे होते. त्या अज्ञात द्रव्याला लोक विल्स घटक म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधील पान या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष याने पुष्कळ प्रमाणात टळतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखविले. म्हणूनच आता गर्भ राहण्यापूर्वीपासून याच्या गोळ्या घेण्यास सांगतात.

येथे लोहाचा विषय येतो. फिका चेहरा एकच, पण त्यामागचे रक्त एकसारखे नसते. लोह कमी पडले तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी लहान व फिकट दिसतात, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ कमी पडले तर त्या मोठ्या आणि अपक्व दिसतात. म्हणून रक्त तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या गिळत बसणे आम्हांस पटत नाही. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. दूध-दही, अंडी किंवा गोळी यांतून ते घ्यावे लागते. ते कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

लोहाकडे स्वतः विल्सबाईंचेही लक्ष होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असता, अन्न शिधापत्रिकेवर मिळत असता, त्यांनी गर्भवती स्त्रियांचे हिमोग्लोबिन मोजले. शिधावाटपाचा व नियमित लोह देण्याचा काय परिणाम होतो याचा हा अभ्यास १९४७ मध्ये छापून आला. आज ब्रिटनमध्ये १९ ते ४९ वयाच्या स्त्रीला रोज १४.८ मिलिग्रॅम आणि पुरुषाला ८.७ मिलिग्रॅम लोह लागते असे धरतात. शाकाहारी माणसाला हे मसूर, चवळी, हरभरे, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांतून मिळू शकते. अडचण अशी की वनस्पतीतले लोह मांसातल्या लोहापेक्षा अंगी कमी लागते. वर लिंबू पिळले, जेवणात पेरू किंवा टोमॅटो असला, तर ते जास्त शोषले जाते. चहा त्याच्या आड येतो. आपल्याकडे फराटा आणि वरण खाऊन लगेच दुधाचा चहा घेतात, तो तासभर पुढे ढकलावा. आमटीत चिंच असेल तर लोखंडी कढईतून थोडे लोह अन्नात उतरते, तेव्हा आजीची कढई भंगारात देऊ नये. शेवग्याचा पाला, ज्याला आपण बाजारात ब्रेद मुरुम म्हणून मागतो, लोह आणि फॉलिक आम्ल दोन्ही देतो. पण तो फार वेळ उकळून पाणी ओतून दिले तर फॉलिक आम्लाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो.

विल्सबाई कुन्नूर व मद्रास येथेही काम करून १९३३ मध्ये कायमच्या रॉयल फ्रीला परतल्या होत्या, तरी १९३७ च्या अखेरीस पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने कराचीपर्यंत येऊन त्यांनी हाफकिनमध्ये पुन्हा काही आठवडे काम केले. युद्ध संपेपर्यंत रॉयल फ्रीमध्ये त्यांनी रक्तविज्ञानाचा पहिला विभाग उभा केला होता. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढण्याची व बर्फावर घसरत फिरण्याची त्यांना हौस होती आणि लंडनमध्ये कामावर त्या सायकलने जात. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन लोक काय खातात आणि त्यांचे रक्त कसे आहे हे पाहत राहिल्या. यांपैकी फिजीत आपल्यासारखीच ऊसमळ्यांसाठी नेलेली हिंदी माणसे होती. चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणून त्यांनी दहा वर्षे काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.